एकवीस अंकी संख्या आणि समासातला एक प्रश्न

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एखादा छान किस्सा घालायचा मोह तुम्हालाही होईल. मला झाला होता. मार्गदर्शकांनी कच्च्या खर्ड्याच्या समासात एवढंच लिहिलं : "हे कोणी पाहिलं?"

किस्सा होता १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ या संख्येचा. म्हणजे २ चा ६७ वा घात, वजा १. फ्रेंच पाद्री मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा 'वजा १' वाल्या मूळ संख्यांची यादी दिली. त्यात घातांक ६७ होता. एवढी मोठी संख्या हाताने तपासणार कोण? यादी तशीच पुढे चालत राहिली. १८७६ मध्ये एद्वार लुका यांनी दाखवलं की ही संख्या मूळ नाही, संयुक्त आहे. पण त्यांच्या रीतीतून अवयव मिळत नव्हते. इथे जरा थांबा. 'अवयव आहेत' हे सिद्ध करणं वेगळं आणि ते शोधून दाखवणं वेगळं. संशोधनात हा फरक तुम्हाला पदोपदी भेटेल.

अवयव सापडले १९०३ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोल यांना : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. किस्सा असा की, ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या सभेत कोल फळ्यापाशी गेले, एका बाजूला घात काढला, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला, आणि चकार शब्द न बोलता जागेवर बसले. टाळ्या! किती वेळ लागला? "तीन वर्षांचे रविवार."

आता समासातला प्रश्न. हे सांगतात एरिक टेंपल बेल, १९५१ च्या पुस्तकात, म्हणजे ४८ वर्षांनी. १९०३ मध्ये बेल कॅलिफोर्नियात विद्यार्थी होते. रविवारांचं उत्तर कोल यांनी आपल्याला १९११ मध्ये दिलं, असं ते म्हणतात. म्हणजे तो भाग निदान समोरासमोर ऐकलेला. सभेतलं दृश्य मात्र ऐकीव.

याचा अर्थ किस्सा खोटा, असं नाही. पण कोल यांचा लेख अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये डिसेंबर १९०३ मध्येच छापून आला आहे, आणि तो किस्सा वाचून वाटतं तसा मुका नाही. त्यात वर्गशेष वापरून शोधाचं क्षेत्र कसं आवळत आणलं ते आहे. हे का लागलं, ते स्वतः करून बघा. या संख्येचा कोणताही मूळ अवयव '१३४ ची पट अधिक १' असाच असतो, आणि त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते. एवढं वापरूनही लहान अवयवापर्यंत पोचायला सुमारे सव्वासात लाख उमेदवार उरतात. एकेक करून भागत बसलात तर तीन वर्षांचे रविवार कुठेच पुरायचे नाहीत!

मेर्सेनची यादी लोकांनी न तपासता पुढे दिली, आणि मी बेलची गोष्ट तशीच पुढे देत होतो. शेवटी मी किस्सा काढला नाही. "बेल यांच्या सांगण्यानुसार" हे शब्द आणि १९५१ हे साल त्याला जोडलं, आणि कोल यांच्या पद्धतीवर दोन परिच्छेद लिहिले. तो गुणाकारही एकदा कागदावर करून पाहिला. बरोबर आला. तुम्हीही करून बघा, अर्धा तास लागेल.