थरथरणारें हृदय आणि त्याचें बळ



नाडीवर बोटें ठेवून रोग ओळखण्याची विद्या आपल्या नगर जिल्ह्याला परकी नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनीं नगर शहरांत आयुर्वेदाचें अध्यापन चालविलें. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय आजहि तेथें आहे. जुन्या वैद्यांनीं नाडीच्या गतीला सर्पाची, बेडकाची, हंसाची उपमा दिली. परंतु जिचे कोणतेच दोन ठोके सारख्या अंतरानें पडत नाहींत, त्या नाडीचा उगम कळावयास 1909 साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं लंडनचे टॉमस लुइस आणि व्हिएन्नाचे रोथबर्गर व विंटरबर्ग यांनीं विजेच्या आलेखावरून दाखविलें कीं, अशा रोग्याच्या हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे कर्णिका, आकुंचन न पावतां नुसत्या थरथरत असतात. यालाच डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.

यानें हृदयाचें काय बिघडतें? आपल्याकडील वडील मंडळींनीं विहिरीवरची मोट पाहिली आहे. मोट पाण्यांत बुडून भरेपर्यंत बैल थांबवावे लागतात. घाईनें ते धावेवर पिटाळले, तर अर्धी मोट वर येते. पाणी थोडें मिळतें आणि बैल मात्र थकून जातात. येथेंहि तसेंच होतें. कर्णिका खालच्या कप्प्यांना, म्हणजे जवनिकांना, नीट भरून देत नाहींत. ठोके वेडेवांकडे व बहुधा जलद पडतात. असें महिनोन्महिने चाललें म्हणजे जवनिकेचा स्नायु सैल पडूं शकतो. निरोगी डावी जवनिका आपल्यांतील रक्तापैकीं शेंकडा 55 किंवा अधिक भाग एका ठोक्यांत बाहेर ढकलते. दुबळ्या हृदयांत हा आंकडा 35 च्याहि खालीं जातो.

मात्र ही गोष्ट डॉक्टरांना सहजासहजीं पटली नाहीं. हृदय आधींच दुबळें, म्हणून ताल बिघडला, असाच पुष्कळांचा समज होता. 2002 सालीं अमेरिकेंत 4060 रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. औषधांनीं ताल सुधारण्याचा यत्न केलेले रोगी, केवळ ठोक्यांचा वेग आवरलेल्या रोग्यांपेक्षां अधिक जगले नाहींत. तेव्हां वेग आवरा, तालाच्या मागें लागूं नका, असें अनेकांनीं ठरविलें. मी शाळामास्तर, मला येथें एवढेंच दिसतें कीं, औषध हरलें म्हणून मूळ कल्पनाच हरली, असें मानण्याची घाई झाली.

कारण दुसरी वाट अगोदरच निघाली होती. 1929 सालीं जर्मनींतील व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरानें स्वतःच्या दंडाच्या शिरेंतून नळी हृदयापर्यंत घातली आणि तशाच स्थितींत चालत जाऊन क्ष-किरणांनीं तिचें चित्र काढविलें! 1956 सालीं त्याला नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. पुढें फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हैसागेर यांनीं 1998 सालीं अशाच नळ्यांनीं 45 रोग्यांच्या कर्णिका तपासल्या. थरथर सुरू करणारीं 69 स्थानें सांपडलीं. त्यांपैकीं 65 फुप्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरांत होतीं. मग जांघेच्या शिरेंतून नळी नेऊन, त्या शिरांच्या मुखांभोंवतीं कडें डागावयाचें, म्हणजे त्या व्रणांतून वीज पुढें जात नाहीं, अशी रीत बसली. हेंच अ‍ॅब्लेशन.

2004 सालीं बोर्दोच्याच डॉक्टरांनीं दुबळ्या हृदयाच्या 58 रोग्यांचा वृत्तांत दिला. सुमारें वर्षभरानें मघाचा शेंकड्याचा आंकडा सरासरी 21 नें वाढला होता. म्हणजे निदान कांहींचें हृदय तालानेंच थकविलें होतें. 2018 सालच्या 363 रोग्यांवरील प्रयोगांत सरासरी तीन वर्षांच्या सुमारास, औषधांवर ठेवलेल्यांत शेंकडा 25, तर अ‍ॅब्लेशन केलेल्यांत 13 च्या आसपास मृत्यु झाले.

तरी सर्वांना सारखें फळ येत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील 2017 च्या प्रयोगांत ज्यांच्या जवनिकेच्या स्नायूंत व्रण नव्हते, त्यांची शक्ति अधिक परतली. कांहींना हा उपचार दुसऱ्यांदा करावा लागतो. हृदयाभोंवतीं रक्त सांठण्याचा व पक्षाघाताचा धोका थोडा कां होईना असतो, आणि रक्त पातळ ठेवणारीं औषधें डॉक्टरांना न विचारतां सोडतां येत नाहींत. लहानपणींच्या सांधेतापानें ज्यांची झडप अरुंद झाली आहे, त्यांच्या बाबतींत प्रथम पाहावयाची ती झडपच.