हिंगोली शहर

हिंगोली : महाराष्ट्र राज्याच्या मराठवाडा विभागातील एक इतिहासप्रसिद्ध शहर व हिंगोली जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या ८५,१०३ (२०११). हे पैनगंगेची उपनदी कयाधू हिच्या काठी, पूर्णा–अकोला लोहमार्गावर वसले आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. तत्पूर्वी हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. औंढा नागनाथ व नरसी ह्या क्षेत्रांकडे जाणारे यात्रेकरू हिंगोलीत उतरतात. मात्र शहराच्या स्वतःच्या इतिहासाकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. तोफखाना, पलटण, रिसाला बाजार, पेन्शनपुरा ही येथील वस्त्यांची नावे त्या इतिहासाची सर्वांत सहज दिसणारी खूण होय.

ही सर्व नावे लष्करी छावणीची आहेत. इंग्रज रेसिडेंट हेन्‍री रसेल ह्याने १८१३ पासून निजामाच्या सैन्याची इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली पुनर्रचना केली. त्यातूनच पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून ओळखली जाणारी फौज निर्माण झाली. बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर (अचलपूर), मोमिनाबाद (अंबाजोगाई) इत्यादींप्रमाणे हिंगोली हेही तिचे एक प्रमुख ठाणे होते. घोडदळ (रिसाला), पायदळ (पलटण) व तोफखाना यांच्या वस्त्या शहरालगत वसल्या. त्यांना धान्य, कापड व चारा पुरविणारे बाजार उभे राहिले आणि निवृत्त शिपाई येथेच स्थायिक झाले. नदीकाठच्या एका कसब्याचे रूपांतर अशा रीतीने व्यापारी शहरात झाले.

ह्या फौजेचा पगार निजामाने द्यावयाचा, परंतु तिच्यावर हुकमत मात्र इंग्रजांची, अशी ही व्यवस्था होती. खर्च भागविण्यासाठी हैदराबादच्या विल्यम पामर अँड कंपनी ह्या पेढीकडून व पुढे खुद्द ईस्ट इंडिया कंपनीकडून कर्जे घेण्यात आली. थकबाकी वाढत गेल्यामुळे २१ मे १८५३ च्या तहान्वये निजामास वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश कंपनीच्या कारभाराखाली द्यावे लागले. त्यांपैकी धाराशिव व रायचूर दुआब १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळाला नाही. परिणामी हिंगोलीच्या उत्तरेस वाहणारी पैनगंगा ही इंग्रजी अंमल व निजामी राज्य यांमधील सीमा बनली. एकच भाषा बोलणारी, परस्परांत सोयरीक असणारी वाशीम व हिंगोलीकडील गावे दोन भिन्न कारभारांखाली गेली. ज्या फौजेच्या खर्चापायी ही सीमा निर्माण झाली, तिचे एक ठाणे त्या सीमेच्या जवळच होते. वाशीमच्या वाटेवरील कनेरगाव नाका ह्या गावाच्या नावात ‘नाका’ हा शब्द आजही टिकून आहे.

ठगांच्या बंदोबस्ताच्या इतिहासातही हिंगोलीचे नाव येते. निजामाच्या सेवेतील अधिकारी व लेखक फिलिप मेडोज टेलर (१८०८–७६) ह्याने कन्फेशन्स ऑफ अ ठग (१८३९) ह्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत येथील हकीकत दिली आहे. छावणीच्या बाजारातील हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी हाच परिसरातील ठगांचा म्होरक्या निघाला. त्याच्याशी खुद्द टेलरचाही व्यवहार झालेला होता. एका व्यापाऱ्याचा माल मुंबईहून येत असल्याचे समजताच हरीसिंगाने मुलकी अधिकाऱ्याकडून कापड आणण्याचा परवाना मिळविला, वाटेत त्या व्यापाऱ्याचा व त्याच्या माणसांचा खून केला आणि तोच माल छावणीत उघडपणे विकला. मुख्य पहाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पुरलेली प्रेते माफीच्या साक्षीदारांनी दाखवून दिली. शस्त्रसज्ज छावणी आपल्याच बाजारात येणाऱ्या वाटसरूंचे रक्षण करू शकली नव्हती. तथापि ठगांविषयीची बहुतेक माहिती माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर आधारलेली आहे, तसेच १८३६ च्या कायद्याने केवळ टोळीत सामील असणे हाही जन्मठेपेचा गुन्हा ठरविला होता, ह्या गोष्टी ध्यानात घेऊन आधुनिक इतिहासकार अशा वृत्तांतांकडे सावधपणे पाहतात.

लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांवर इंग्रजांना कायम पट्ट्याने देण्यात आला. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन होऊन हिंगोलीची छावणी उठली. तथापि कापसाच्या व्यापारामुळे शहर टिकून राहिले. १९१२ मध्ये पूर्णेहून मीटरमापी लोहमार्ग हिंगोलीपर्यंत आला व तेथेच थांबला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा व विदर्भ एका राज्यात आले. त्यानंतर, १९६० च्या सुमारास, हा लोहमार्ग वाशीम व अकोल्याकडे जोडला गेला. पूर्णा–अकोला मार्गाचे रुंदमापीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले.

शहरातील खाकीबाबा मठाशी निगडित असलेला दसरा महोत्सव प्रसिद्ध असून त्याची परंपरा १८५५ पासूनची सांगतात. हळदीच्या खरेदी-विक्रीचे हे एक मोठे केंद्र आहे. शहराच्या पश्चिमेस कयाधूच्याच काठी नरसी हे गाव असून संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून ते पूज्य मानले जाते. जन्मस्थानाविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्यामुळे शीख भाविकही येथे येतात. नैर्ऋत्येस सु. २५ किमी. वरील औंढा नागनाथ येथे यादवकालीन शिल्पसमृद्ध शिवमंदिर असून नामदेवांना विसोबा खेचर यांचा उपदेश तेथेच लाभला, अशी परंपरा आहे. हिंगोलीत मात्र अशी एकही भव्य वास्तू नाही. येथे येणाऱ्यास इतिहास पाहावयाचा असेल, तर तो वस्त्यांच्या नावांत, सदर बाजाराच्या रचनेत आणि वाशीमच्या वाटेवर पैनगंगा ओलांडताना पाहावा लागतो. येथे त्या नदीवर आता कोणत्याही राज्याची सीमा नाही. तरीही मराठवाडा व विदर्भ ह्या दोन विभागांतील भेद ह्याच भागात आजही बोलीभाषेत, महसुली विभागणीत आणि लोकांच्या बोलण्यात आढळतो.