‘वाचा बसणे’ आणि ‘वाचा फोडणे’ : मूकत्वाचे व्याकरण

बोलू पाहणाऱ्याला बोलता न येणे, या अनुभवाचे मराठी वाक्संप्रदाय ढोबळमानाने दोन गटांत पडतात. ‘दातखीळ बसणे’, ‘जीभ टाळ्याला चिकटणे’, ‘वाचा बसणे’ यांत माणूस कर्ता नसतोच. कर्तेपण अवयवाकडे जाते. ‘मूग गिळणे’, ‘मिठाची गुळणी धरणे’ यांत माणूस कर्ता असतो. म्हणून त्याचे मौन हा त्याचाच दोष ठरतो. गप्प करणाऱ्या तिसऱ्या माणसाला या दोन्ही गटांत स्थान नाही. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ यात तो जाणवतो. पण तेथेही तो अध्याहृतच राहतो.

या व्याकरणाच्या पार्श्वभूमीवर बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन नियतकालिकांची नावे पाहण्यासारखी आहेत. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याला शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. आंबेडकर तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. म्हणजे मुक्यांच्या नायकालाही दुसऱ्याच्या नावाआडून बोलावे लागले, आणि हा अडसर काही कंठातला नव्हता. त्याच वर्षी २१ व २२ मार्चला कोल्हापूर संस्थानातील माणगावच्या परिषदेत हे तथाकथित मूक लोक बोलत होते, ठराव संमत करीत होते.

‘मूक’ हे विशेषण उणीव सांगते, तिचे कारण सांगत नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’ या पत्राच्या नावात मात्र कर्मणि धातुसाधित आहे. बहिष्कार घालणारा कोणीतरी गृहीत धरल्याशिवाय ‘बहिष्कृत’ या शब्दाला अर्थच येत नाही. अध्याहृत कर्ता येथे प्रथमच आरोपीच्या जागी उभा राहतो.

दलित साहित्याने ‘मुक्यांना वाचा दिली’, हे आपल्या समीक्षेतील रूढ वाक्य या दृष्टीने तपासले पाहिजे. ते गौरवाचे असले, तरी पहिल्याच गटातले आहे : त्यात उणीव पुन्हा बोलणाऱ्याच्या देहात ठेवली जाते, आणि ज्यांनी ऐकण्याचे नाकारले त्यांची सुटका होते. ‘वाचा फुटणे’ अकर्मक आहे, ‘वाचा फोडणे’ सकर्मक. परंतु दोहोंतही वाचा बंद होती असेच गृहीत आहे. माणगावचा दाखला या गृहीताच्या विरोधात जातो. वाचा होतीच, तिला श्रोत्यांच्या सभेत प्रवेश नव्हता. साहित्येतिहासाने यापुढे त्या सभेच्या दारांचा इतिहास लिहायला हवा.