फरशीबदल (भाड्याच्या घरातील)

फुटलेली, झिजलेली किंवा पोकळ झालेली फरशी काढून अथवा झाकून नवी बसवण्याचे काम. भाड्याच्या घरात खर्च मालकाचा आणि वापर भाडेकरूचा. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलले, की कपाटे आणि सिलिंडर तितक्याच वेळा फरशीवरून ओढले जातात. म्हणून येथे चकाकीला फारसे महत्त्व देऊ नये.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत शहाबादी, कोटा आणि मोझेक सर्रास आढळतात. पहिल्या दोन्ही चुनखडीच्या. शहाबादी कर्नाटकातून येते, कोटा राजस्थानातून. मोझेकमध्ये सिमेंटात संगमरवराची खडी असते. तिन्ही दीर्घायुषी, पण तिन्हींना आम्लाचे वावडे. घर रिकामे करताना संडास धुण्याचे ॲसिड घरभर फिरवले, की पॉलिश उडते आणि पांढुरके डाग पडतात. डाग पाण्याने जात नाहीत, पॉलिश मशीनने घासावे लागते. फरशी घट्ट आणि सपाट असेल तर तेवढी घासाई पुरते. उखडणे हा निव्वळ अपव्यय.

नवीच बसवायची तर व्हिट्रिफाइड टाइल सर्वांत व्यवहार्य. गुजरातेतील मोरबी हे तिचे मोठे उत्पादनकेंद्र. ती साधारणतः 0.5 टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही. दुकानात सगळे प्रकार सारखेच देखणे दिसतात, फरक कळतो तो टवका उडाल्यावर. ग्लेझ्ड टाइलची नक्षी वरच्या पातळ थरात असते. हातातून वरवंटा निसटला, की खालचा निराळा रंग उघडा पडतो. डबल चार्जमध्ये रंगाचा थर 3 ते 4 मिलिमीटर जाड, तर फुल बॉडीत रंग आरपार. भाड्याच्या घराला हेच दोन प्रकार योग्य. न्हाणीघरात मात्र खरखरीत मॅट टाइलच हवी.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नसल्याने नुसत्या सिमेंटाच्या रबडीवर नीट धरत नाही. टाइल ॲडेसिव्ह वापरावे. जुन्या फरशीवरच नवी बसवली तर मलबा वाचतो, पण जमीन सेंटीमीटरभर किंवा थोडी जास्तच वर येते आणि दारे खालून तासावी लागतात. त्याआधी मिस्त्रीकडून प्रत्येक फरशी ठोकून घ्यावी. पोकळ वाजेल ती काढल्याशिवाय तिच्यावर काही बसवू नये.

खरेदी करताना सर्व खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच असल्याचे पाहावे आणि एक खोके जादा घ्यावे. तीच छटा पुढे मिळेल याची खात्री दुकानदारही देत नाही.