पंधरा फेऱ्यांचा हिशेब

नवी मुंबईच्या इतिहासावर लिहिताना भूसंपादन, सिडकोची घरे, बाजारपेठांचे स्थलांतर आणि विमानतळ या विषयांना अभ्यासकांनी भरपूर जागा दिली. परंतु खाडीपलीकडे रोज जाऊन येण्याचा खर्च या शहराने कसा भागवला आणि तो कमी करण्याचा भार कोणी उचलला, हा प्रश्न मात्र बहुतांशी घरखर्चाच्या वहीतच राहून गेला. वास्तविक हे शहर ज्या कल्पनेतून जन्माला आले, तिच्या मुळाशी प्रवासाची बचतच होती. अर्थात ती तिकीट स्वस्त करण्याची बचत नव्हती, तर तिकीट काढण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था उभी करण्याची होती. ती व्यवस्था अर्धीमुर्धीच उभी राहिली, आणि उरलेल्या अर्ध्याची भरपाई रेल्वेच्या मासिक पासाने केली.

पूल आणि रेल्वे येण्यापूर्वी या किनाऱ्यावर स्वस्त वाट होती ती पाण्याची. पडाव आणि मचवे, म्हणजे शिडावर चालणारी लहानमोठी मालवाहू गलबते, मीठ, भात, लाकूडफाटा आणि माणसे घेऊन पनवेल, उलवे आणि बेलापूर या बंदरांतून मुंबईकडे जात असत. १८३० मध्ये भोर घाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबई ते पुणे या प्रवासाचा पहिला टप्पा मुंबई ते पनवेल असा पाण्यावरून आणि पुढचा बैलगाडीने वा घोड्यावरून, अशी वहिवाट पडली. गाड्यांच्या चाकांसाठी पनवेलचे नाव झाले, त्यामागे हीच वर्दळ होती. या जलप्रवासाला पैसे कमी लागत, पण त्याची किंमत वेळात मोजावी लागे, कारण खाडीचे मुख उथळ असल्याने गलबताला भरतीची वाट पाहावी लागे आणि वारा पडला की शिडाचा उपयोग नसे. १८६३ मध्ये घाटातली रेल्वे कर्जतमार्गे पुरी झाली, तेव्हा पुण्याचा उतारू पनवेलला वळेनासा झाला. ज्या गावाने दीर्घकाळ इतरांचा प्रवास सोपा केला, त्या पनवेलला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळण्यासाठी विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत, म्हणजे दिवा–पनवेल मार्ग होईपर्यंत, थांबावे लागले.

खाडीच्या पलीकडे, मुंबई बेटावर, याच काळात रोजच्या प्रवासाची एक वेगळीच अर्थव्यवस्था आकाराला येत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, आणि पुढच्या काही दशकांत गिरण्या, गोदी व कचेऱ्या यांच्याभोवती असा एक वर्ग तयार झाला, ज्याला रोज त्याच वाटेने जायचे आणि त्याच वाटेने परतायचे असे. अशा उतारूसाठी इंग्लंडमध्ये ‘सीझन तिकीट’ ही पद्धत आधीच रुळली होती. तिचा आरंभ १८३४ मध्ये कँटरबरी–व्हिटस्टेबल या छोट्या मार्गावर समुद्रस्नानाला जाणाऱ्यांसाठी झाला असे सांगितले जाते, आणि म्हणूनच त्या नावात ‘सीझन’, म्हणजे हंगाम, आहे. हौशी सहलीसाठी निघालेली ही सवलत कारकून आणि कामगार यांच्या हाती आली, तेव्हा तिचा हंगाम बारमाही झाला. मराठीत हा शब्द टिकला नाही. लोकांनी त्याला ‘पास’ म्हटले, आणि पास ‘काढणे’, पास ‘संपणे’, पासावर ‘जाऊन येणे’ असे त्याचे वाक्प्रचार तयार झाले.

पासाचे गणित सोपे आहे, पण त्याचा परिणाम मोठा आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची रक्कम साधारणपणे एकेरी पंधरा फेऱ्यांच्या भाड्याइतकी धरली जाते. महिन्यात पंचवीस दिवस कामावर जाणारा माणूस जाऊन-येऊन पन्नास फेऱ्या करतो, म्हणजे त्याला प्रत्येक फेरी तिकिटाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी दराने पडते. तीन महिन्यांच्या पासाला २.७ महिन्यांचे, सहा महिन्यांच्या पासाला ५.४ महिन्यांचे आणि वर्षाच्या पासाला १०.८ महिन्यांचे पैसे घेतले जातात. ही जादा दहा टक्के सूट अर्थातच ज्याच्या हाती एकरकमी पैसे आहेत त्याच्याच पदरात पडते, आणि महिन्याच्या पगारातून महिन्याचाच पास काढणारा तिच्यापासून दूर राहतो. थोडे असलेल्यालाच जास्त मोजावे लागते, हा अनुभव येथेही चुकत नाही.

नवी मुंबईची कल्पना मात्र या पासाच्याच विरोधात होती, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडलेल्या योजनेचा गाभा असा होता की, मुंबई उत्तर-दक्षिण लांबट पसरत गेल्यामुळे सकाळी सगळे दक्षिणेकडे आणि संध्याकाळी सगळे उत्तरेकडे जातात. म्हणून खाडीच्या पूर्वेला नोकऱ्यांसह दुसरे शहर वसवावे. १७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली, आणि तिने हे शहर ‘नोड’ नावाच्या स्वतंत्र उपनगरांत आखले. नोड म्हणजे घरे, शाळा, बाजार आणि रोजगार शक्यतो जवळजवळ असलेली वस्ती. वाशी, नेरूळ, बेलापूर ही त्याची उदाहरणे. ज्याचे घर आणि काम एकाच नोडमध्ये आहे, त्याला प्रवासखर्चाची चिंता करण्याचे कारणच उरत नाही. काटकसरीचा याहून चांगला मार्ग कोणत्याही कारकुनाला सुचला नसता.

पण त्यासाठी नोकऱ्या यायला हव्या होत्या, आणि सर्वांत महत्त्वाची नोकरी देणारे सरकारच आले नाही. सचिवालय, म्हणजे पुढचे मंत्रालय, दक्षिण मुंबईतच राहिले, आणि त्याच्या शेजारी नरीमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. बेलापूरच्या वाट्याला कोकण विभागीय आयुक्तालय, म्हणजे कोकण भवन, एवढे आले. स्थलांतर खरे साधले ते घाऊक बाजारांचे. कांदा-बटाटा, मसाला, धान्य आणि शेवटी १९९६ मध्ये फळे व भाजीपाला असे बाजार टप्प्याटप्प्याने वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत आले, आणि त्यांच्यामागोमाग पाठीवर व डोक्यावर ओझे वाहणारा माथाडी कामगार आला. मस्जिद बंदर आणि भायखळ्याच्या परिसरात दाटीवाटीने राहून काम करणाऱ्या या कामगारांपैकी अनेकांना कोपरखैरणे, घणसोली या भागांत घरे मिळाली. नियोजनकारांचे स्वप्न सर्वाधिक पूर्ण झाले असेल तर ते कचेरीतल्या बाबूच्या नव्हे, तर या माथाड्याच्या बाबतीत, आणि ही गोष्ट नगररचनेवरच्या लिखाणात क्वचितच नमूद होते.

उरलेल्यांना खाडी ओलांडावीच लागली. १९७३ मध्ये वाशीचा पहिला रस्तापूल वाहतुकीस खुला झाला, आणि त्यानंतरची जवळपास वीस वर्षे नव्या शहरातील रहिवाशाचा मुंबईशी संबंध मुख्यतः बसच्या आधाराने चालला. सिडकोने ‘बीएमटीसी’ या नावाने स्वतःची बससेवा सुरू केली होती, परंतु ती फार काळ टिकली नाही. या काळात वाशीतील घर मुंबईतल्या घरापेक्षा पुष्कळ स्वस्त पडे, पण दादर वा फोर्टला पोहोचण्यासाठी बस बदलून, रांगेत उभे राहून आणि पुलावर खोळंबून जो वेळ व पैसा जाई, त्याने घरातली बचत थोडीथोडी कुरतडली जाई. स्वस्त घर घेणाऱ्याने प्रवासाचा हिशेब त्या किमतीत धरायचा असतो, हे या पहिल्या पिढीने स्वतःच्या खिशातून शिकून घेतले.

९ मे १९९२ रोजी मानखुर्द–वाशी रेल्वे सुरू झाली आणि हा हिशेब बदलला. १९९३ मध्ये गाडी बेलापूरपर्यंत गेली आणि १९९८ मध्ये पनवेलला पोहोचली. या मार्गाचे वैशिष्ट्य त्याच्या अर्थकारणात आहे. देशातील रेल्वेमार्ग सहसा रेल्वे स्वतःच्या पैशाने बांधत असे. येथे मात्र खर्चाचे ६७ टक्के सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलले. सिडकोने आपला वाटा दोन वाटांनी परत मिळवण्याचे ठरवले. पहिली म्हणजे स्थानकांवर आणि त्यांच्याभोवती कचेऱ्या-दुकानांचे मजले बांधून ते विकणे, ज्यामुळे वाशी किंवा बेलापूरचे स्थानक बाहेरून पाहणाऱ्याला स्थानक कमी आणि व्यापारी संकुल अधिक वाटते. दुसरी म्हणजे अधिभार, अर्थात मूळ भाड्यावर आकारलेली जादा रक्कम, जी मानखुर्दपलीकडे जाणाऱ्याच्या तिकिटात आणि पासात मिळवली गेली. त्यामुळे नवी मुंबईकराचा पास तेवढ्याच अंतराच्या मध्य किंवा पश्चिम मार्गावरील पासापेक्षा महाग पडला. आपल्या शहराची रेल्वे हप्त्याहप्त्याने विकत घेणारा असा उतारू देशात विरळाच.

तरीही पास हीच या शहराची खरी बचत ठरली, आणि ती केवळ कामावर जाण्यापुरती नव्हती. पासावर नोंदलेल्या दोन स्थानकांमधल्या कोणत्याही स्थानकावर, महिन्यातल्या कोणत्याही दिवशी, कितीही वेळा उतरता-चढता येते. म्हणून वाशी–मुंबई असा पास असलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी मस्जिद बंदरच्या बाजारातून सुकामेवा आणण्यासाठी वेगळे तिकीट लागत नसे, आणि ‘पास आहेच’ या दोन शब्दांवर घराघरांतील कितीतरी कामे त्याच्या गळ्यात पडत. मात्र पास मार्गाला बांधलेला असतो. २००४ मध्ये वाशी व नेरूळ ही स्थानके तुर्भेमार्गे ठाण्याशी जोडणारा ट्रान्स-हार्बर मार्ग सुरू झाला, तेव्हा कुर्ल्यामार्गे काढलेला पास ठाण्याकडे चालत नाही हे अनेकांना दंड भरून कळले. सवलतीच्या आणखीही पायऱ्या आहेत: विद्यार्थ्यांना पासात सूट मिळते, आणि २००९ मध्ये महिन्याला १५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी शंभर किलोमीटरपर्यंत २५ रुपयांचा ‘इज्जत’ पास जाहीर झाला. त्या उत्पन्नात मुंबईच्या आसपास कोणाचे घर चालत असेल, हा प्रश्न त्या योजनेने विचारला नाही.

पंधरा फेऱ्यांच्या या आधाराला एकदाच उघड धक्का बसला. २० जून २०१४ रोजी रेल्वेने भाडेवाढ जाहीर करताना मासिक पास पंधराऐवजी तीस फेऱ्यांच्या हिशेबाने आकारण्याचे ठरवले, म्हणजे पासाची रक्कम एका फटक्यात जवळजवळ दुप्पट होणार होती. २५ जूनपूर्वी जुन्या दराने पास काढून ठेवण्यासाठी खिडक्यांवर रांगा लागल्या. ज्यांना जमले त्यांनी सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पास काढले. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती, केंद्रातील सत्ताधारी आघाडीचेच खासदार रेल्वेमंत्र्यांकडे गेले, आणि २४ जूनला हा निर्णय मागे घेण्यात आला. तेव्हापासून पासाला हात लावण्याचे धाडस सहसा झालेले नाही. जुलै २०२५ च्या भाडेवाढीतूनही उपनगरी भाडे आणि पास वगळण्यात आले.

पासाचे दुसरे रूप दिसले ते साथीच्या काळात. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्यावर दीर्घकाळ केवळ अत्यावश्यक सेवेतील लोकांनाच गाडीत प्रवेश होता, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना गाडी खुली झाली, तीही फक्त पासावर. एकेरी तिकीट ऑक्टोबर संपेपर्यंत मिळत नव्हते. महिन्यातून एकदाच इस्पितळात किंवा न्यायालयात जाणाऱ्यालाही पूर्ण महिन्याचा पास काढावा लागला. पैसे वाचवण्यासाठी निर्माण झालेला कागद काही आठवडे परवान्याचे काम करत होता आणि क्वचित जाणाऱ्याला महाग पडत होता.

स्थानकापासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा इतिहास इतका सुबक नाही. जानेवारी १९९६ मध्ये महानगरपालिकेची ‘एनएमएमटी’ बससेवा सुरू झाली. तिच्या जोडीला प्रत्येक नोडमध्ये शेअर रिक्षा, म्हणजे ठरलेल्या मार्गावर तीन अनोळखी उतारूंनी भाडे वाटून घेण्याची रीत, आपोआप रुजली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर–पेंधर मेट्रो सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे कमाल भाडे ४० वरून ३० रुपयांवर आणावे लागले, यावरून शेअर रिक्षाशी स्पर्धा करणे किती कठीण आहे ते दिसते.

१२ जानेवारी २०२४ रोजी एकाच दिवशी दोन गोष्टींचे उद्घाटन झाले. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू त्यांतला एक, आणि खारकोपर–उरण हा उरणच्या रेल्वेमार्गाचा उरलेला तुकडा दुसरा. सेतूवर मोटारीला एका फेरीचे २५० रुपये, त्याच दिवशी परतल्यास ३७५ रुपये आणि मासिक पासाचे १२,५०० रुपये असा दर ठरला. म्हणजे रेल्वेचा पास पंधरा फेऱ्यांचा, तर सेतूचा पन्नास फेऱ्यांचा. आणि परतीच्या सवलतीच्या दराने हिशेब केला, तर महिन्यात तेहतीसहून अधिक वेळा जाणे-येणे केल्याशिवाय हा पास परवडतच नाही. उरणच्या रहिवाशाला आता मुंबईला जाण्यासाठी सेतू आणि रेल्वे असे दोन नवे मार्ग आहेत, तरी मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच चालूच आहे, आणि मोठ्या ओहोटीच्या दिवशी गाळात पाणी कमी पडले की तिचे उतारू आजही धक्क्यावर भरतीची वाट पाहत बसतात.