वस्तीची गाडी: कादिस ते रोम

गेले तीन शनिवार मी एका एक्सेल शीटशी कुस्ती खेळतोय. पुढच्या मे महिन्यात मी, बायको आणि माझे आई-बाबा असे चौघं मोटारहोम घेऊन दक्षिण युरोपात फिरायचं म्हणतोय. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं वन बीएचके. मागे पलंग, मध्ये ओटा, आणि बाथरूम एवढं की आत गेल्यावर वळायचं कसं ते आधी ठरवून जावं लागतं. रजा सोळा दिवसांची. शीटचा पहिला अवतार मी एकदम इंजिनिअरिंग थाटात केला होता. बार्सिलोना ते रोम आणि परत, रोज इतके किलोमीटर, मधल्या प्रत्येक शहराला तीन तास.

बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांनी चष्मा लावून प्रिंटआउट नीट वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "दिवसभर गाडी पळतेय हे कळलं. वस्ती कुठं?"

ज्यांचं बालपण शहरात गेलं त्यांच्यासाठी: शेवटच्या गावी रात्री मुक्कामाला राहून पहाटे परत निघणारी एसटी म्हणजे वस्तीची गाडी. बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता मी दोन हजार वर्षं मागे, चांदीच्या चार पेल्यांपाशी जाऊन पोचलो.

रोमच्या उत्तरेला ब्राच्चानो नावाचं तळं आहे. त्याच्या काठी विकारेल्लो इथे गरम पाण्याचे झरे आहेत. १८५२ साली तिथलं जुनं स्नानगृह पाडून नवं बांधायला घेतलं, तेव्हा झऱ्याच्या तोंडाशी नाण्यांचा खच सापडला. लोकांनी शतकानुशतकं देवाला वाहिलेली नाणी. आपल्याकडे रेल्वे पुलावरून जाताना लोक नदीत नाणं टाकतात ना, तसंच. त्या ढिगात हे चार पेले होते. आकार रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडासारखा उभा, आणि अंगावर चार रकान्यांत कोरलेली यादी: गादेसपासून रोमपर्यंतचे शंभराहून जास्त थांबे, आणि प्रत्येक थांब्यापुढे मैलांचा आकडा. गादेस म्हणजे स्पेनच्या पार दक्षिण टोकाचं आजचं कादिस. एकूण अंतर सुमारे १८४० रोमन मैल, म्हणजे आपले साधारण २७२० किलोमीटर. आज हे पेले रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात, पालात्सो मास्सिमोमध्ये आहेत.

मी फोटो झूम करून पाहिला आणि चाटच पडलो. ही तर माझीच शीट! एका रकान्यात गाव, दुसऱ्यात अंतर, खाली बेरीज. (गंमत म्हणजे चारही पेल्यांवरच्या बेरजा अगदी तंतोतंत जुळत नाहीत. माझ्याही जुळत नव्हत्या.)

पेल्यावरचा रस्ता कसा जातो बघा. कादिसहून सेव्हिया, कोर्दोबा, मग पूर्वेला व्हॅलेन्सिया, तारागोना, गिरोना. पिरेनीज डोंगर ओलांडला की नार्बोन, नीम, आर्ल. इथून पुढे आपण कोणीही समुद्राकाठाने नीस गाठू. पेल्यावरचा रस्ता मात्र सरळ आत वळतो, द्युरांस नदीच्या खोऱ्याने आल्प्स चढतो, मोंजनेव्ह्रची खिंड ओलांडून इटलीत सूसाला उतरतो आणि तिथून तोरिनो, पार्मा, बोलोन्या, रिमिनी करत रोम. खिंड १८५० मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच. तरी तोच रस्ता, कारण तो चांगला बांधलेला होता आणि त्यावर थांबे होते.

हे थांबे दोन प्रकारचे. 'मुतातियो' म्हणजे बदल: इथे घोडे किंवा खेचरं बदलायची, पाणी प्यायचं, पुढे निघायचं. आणि 'मान्सियो', साधारण दिवसभराच्या प्रवासावरचा मुक्काम. हा शब्द लॅटिनमधल्या 'राहणे' या क्रियापदावरून आलाय. म्हणजे शब्दशः वस्ती! इ.स. ३३३ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोहून जेरुसलेमला गेलेल्या एका यात्रेकरूची यादी उपलब्ध आहे, त्यात प्रत्येक नावापुढे मुतातियो की मान्सियो हे वेगळं नोंदवलंय. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग? त्याशिवाय लॉगशीट कशी भरणार?"

झोपायची गाडीसुद्धा होती बरं का. रोमन कायद्याच्या संकलनात 'कारुका दोर्मितोरिया', म्हणजे निजायची बग्गी, येते ती एका वारसाहक्काच्या भांडणात. नवऱ्यामागे ती बग्गी खेचरांसकट बायकोला मिळणार का? कायदेपंडिताने उत्तर दिलं, तिच्या वापरासाठी ठेवलेली असेल तर मिळणार. आमच्या घरी या निकालाचं मोठं स्वागत झालं. :)

वजनाची कटकटही तेव्हापासूनचीच. चौथ्या शतकातल्या कायद्याने सरकारी टपाल-व्यवस्थेच्या गाडीवर हजार रोमन पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ३३० किलोंपेक्षा, जास्त भार घालायला मनाई केली होती. युरोपात गाडीच्या साध्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतची मोटारहोम चालवता येते, आणि त्यात गाडी, माणसं, पाण्याची टाकी सगळं आलं. आईच्या लोणच्याच्या बरण्यांसकट.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग एक प्रश्न पडला की हे घोडे, खेचरं, गाड्या यायच्या कुठून? उत्तर सरळ आहे: रस्त्याकडेच्या गावांकडून. आजच्या तुर्कस्तानातल्या सागालासोस या गावाशी संबंधित एक शिलालेख आहे, सम्राट तिबेरियसच्या काळातला. सरकारी प्रवाशांसाठी गावाने दहा गाड्या आणि तेवढीच खेचरं हजर ठेवायची, असं त्यात लिहिलंय. भाड्याचा दरही ठरवून दिलाय. मात्र असला हुकूम दगडावर खोदून लावावा लागतो याचा अर्थच असा की लोक फुकट नेत होते. आपण ज्याला वेठ म्हणतो तीच ही.

ही सोय वापरायला सरकारी परवाना लागायचा. त्याचं नाव 'डिप्लोमा'. (मी डिग्रीवाला, त्यामुळे अपात्रच.) धाकटा प्लिनी काळ्या समुद्राकाठच्या एका प्रांताचा राज्यपाल होता. त्याच्या बायकोचे आजोबा वारले, तेव्हा तिला माहेरी लवकर पोचता यावं म्हणून त्याने तिला परवाना दिला, आणि मग सम्राट त्राजानला पत्र लिहून खुलासा केला. त्राजानने समजून घेतलं. राज्यपालाची ही कथा! बाकीच्यांनी पायी चालायचं, नाहीतर पदरचे पैसे मोजायचे.

आमचा परवाना म्हणजे शेंगेन व्हिसा. अर्जासोबत रोजचा मुक्काम कुठे ते दाखवावं लागतं. हॉटेल असेल तर बुकिंग जोडता येतं, पण तुमचं घरच चाकांवर असेल तर? प्रत्येक रात्रीची कॅम्पसाइट आधी ठरवून तिची पावती लावणं हाच मार्ग. "वाटेल तिथे थांबू" हे मोटारहोमच्या जाहिरातीत ठीक आहे. स्पेनमध्ये तर गाडीत नुसतं झोपलात तर ते पार्किंग, आणि बाहेर खुर्ची-टेबल मांडलंत की कॅम्पिंग, त्याचे नियम वेगळे! बाबांचा प्रश्न शेवटी व्हिसाच्या फॉर्मवरही होताच.

म्हणून शीटचा नवा अवतार. रोम रद्द (बायको अजून नीट बोलत नाहीये). गाडी जिथून घेतली तिथेच परत केली तर बरीच स्वस्त पडते, म्हणून बार्सिलोना ते बार्सिलोना. जाताना पेल्याचा रस्ता, येताना समुद्रकाठ. दिवसाला दीड-दोनशे किलोमीटर, त्याहून जास्त नाही, बाबांच्या गुडघ्यांसाठी. पिरेनीजमध्ये पानिसार्सला थांबायचं. तिथे पॉम्पेच्या विजयस्मारकाचे अवशेष आहेत आणि स्पेनचा व्हिया ऑगस्टा तिथेच फ्रान्सच्या व्हिया दोमिशियाला मिळतो. नार्बोनमध्ये भर चौकात, आजच्या जमिनीच्या खाली, १९९७ साली सापडलेला दोमिशियाचा तुकडा उघडा ठेवलाय. तिथून नीम. मग आप्तजवळचा पाँ ज्युलिएन, इ.स.पू. ३ च्या सुमाराचा तीन कमानींचा पूल. त्यावरून २००५ पर्यंत मोटारी जात होत्या! नंतर शेजारी नवा पूल बांधून त्याला निवृत्त केलं. पुढे सिस्तरों, ब्रियांसों, खिंड, आणि सूसाला ऑगस्टसच्या कमानीखाली शेवटची मान्सियो.

काल रात्री बाबांना नवा प्रिंटआउट दिला. प्रत्येक मुक्कामापुढे त्यांनी लाल पेनने 'व' लिहून गोल केला. मग पेल्यांचा फोटो मागितला आणि कागदाच्या मागच्या बाजूला काहीतरी भागाकार करत बसले. एसटीचा भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा.

"कादिस ते रोम, चारशे त्रेपन्न टप्पे," म्हणाले. "ज्येष्ठ नागरिक, म्हणजे हाफ."