नॅस ते क्लाउड : वेळापत्रकानुसार चालणारा बॅकअप

हार्ड डिस्क निकामी होण्यापूर्वी सूचना देतेच असे नाही. सनदी लेखापालांची कार्यालये, छायाचित्रकारांचे स्टुडिओ, दवाखाने आणि अलीकडे अनेक घरेही आपली माहिती 'नॅस' या उपकरणात साठवू लागली आहेत. 'नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज' हे त्याचे पूर्ण नाव. दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क सामावणारी ही पेटी राउटरला जोडली की सर्व संगणकांना एकाच ठिकाणची माहिती वापरता येते. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या तैवानी कंपन्यांची नावे या क्षेत्रात परिचित आहेत. मात्र, नॅस घेतले म्हणजे माहिती सुरक्षित झाली, हा समज चुकीचा आहे.

आरसा म्हणजे प्रत नव्हे

बहुतेक नॅसमध्ये 'रेड' ही व्यवस्था असते. 'रेड-१' प्रकारात दोन डिस्कवर तोच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. त्यामुळे एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. परंतु एखादे फोल्डर चुकून पुसले गेले, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी नाहीसे होते. आग, चोरी किंवा महापूर आला, तर दोन्ही डिस्क एकाच पेटीसह जातात. २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीने अनुभवलेला महापूर आठवला, तर दुसरी प्रत त्याच इमारतीत ठेवण्यातील धोका वेगळा सांगावा लागत नाही.

म्हणूनच या क्षेत्रात '३-२-१' हा नियम सांगितला जातो. माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या लेखनामुळे हा नियम रूढ झाला. त्यातील 'अन्य ठिकाणी' ही अट क्लाउड बॅकअप पूर्ण करतो.

२०२१ चे धडे

एप्रिल २०२१ मध्ये 'क्यूलॉकर' या खंडणीखोर प्रणालीने क्यूनॅपच्या उपकरणांवर हल्ला केला. फायली पासवर्ड लावलेल्या संचिकांत कोंबून त्या सोडविण्यासाठी ०.०१ बिटकॉइनची मागणी करण्यात आली. हल्लेखोरांनी वापरलेली त्रुटी क्यूनॅपच्या बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच होती. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या उपकरणांतील माहिती इंटरनेटमार्गे पुसली गेली. त्या उपकरणांना सुरक्षा सुधारणा मिळणे २०१५ मध्येच थांबले होते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर आगीत भस्मसात झाले आणि ज्यांची बॅकअप प्रतही तेथेच होती, त्यांची दोन्हींवर पाणी सोडण्याची वेळ आली. याचा अर्थ, नॅसवर विसंबणे जसे अपुरे, तसेच केवळ क्लाउडवर विसंबणेही अपुरे.

मांडणी कशी करावी?

प्रथम 'सिंक' आणि 'बॅकअप' यांतील भेद लक्षात घ्यावा. सिंकमध्ये नॅसवरील प्रत्येक बदल क्लाउडवर उमटतो. त्यात फाइल पुसली जाणे किंवा हल्लेखोराने ती कुलूपबंद करणे हेही आले. बॅकअपमध्ये मात्र जुन्या आवृत्त्या स्वतंत्र राहतात. सिनॉलॉजीवर 'हायपर बॅकअप' आणि क्यूनॅपवर 'हायब्रिड बॅकअप सिंक' या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. दुसऱ्यात सिंक आणि बॅकअप असे दोन्ही पर्याय असल्याने निवड करताना दक्षता घ्यावी.

यानंतर क्लाउड सेवेत खाते उघडून बॅकअपसाठी स्वतंत्र कप्पा करावा. त्या कप्प्यापुरतेच अधिकार असलेली किल्ली नॅसला द्यावी, खात्याचा मुख्य पासवर्ड देऊ नये. सर्वच माहिती पाठविण्याची गरज नसते. हिशेब, करारपत्रे, मूळ छायाचित्रे असे जे पुन्हा निर्माण करता येणार नाही, त्यास अग्रक्रम द्यावा.

पहिली प्रत पूर्ण जाते, त्यानंतर केवळ बदललेला भाग पाठविला जातो. पहिल्या प्रतीस लागणारा वेळ अनेकांना चकित करतो. अपलोडचा वेग प्रतिसेकंद २० मेगाबिट असेल, तर १ टेराबाइट माहिती जाण्यास अखंड साडेचार दिवसांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे महत्त्वाची फोल्डर आधी पाठवून उर्वरित टप्प्याटप्प्याने जोडावीत.

वेळापत्रक रात्रीचे असावे. टॅलीसारख्या प्रणालीच्या फायली दिवसा उघड्या असतात आणि अर्धवट बदललेल्या फायलीची प्रत निरुपयोगी ठरू शकते. नॅस रात्री आपोआप बंद होण्याची व्यवस्था असल्यास ती बॅकअपच्या वेळेशी जुळवून घ्यावी. बॅकअप अयशस्वी झाल्यास ई-मेल येईल, अशी सूचनाही चालू ठेवावी. मूक राहिलेला बिघड महिनोन् महिने ध्यानात येत नाही.

आवृत्त्या, किल्ली आणि तालीम

किती जुन्या आवृत्त्या ठेवायच्या, हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. हायपर बॅकअपमधील 'स्मार्ट रिसायकल' पर्याय गेल्या २४ तासांतील ताशी, महिनाभरातील दैनिक आणि त्यापूर्वीच्या साप्ताहिक आवृत्त्या राखतो. मात्र आवृत्त्यांची कमाल संख्या कमी ठेवल्यास जुन्या प्रती लवकर गळतात. मग उशिरा लक्षात आलेली चूक दुरुस्त करता येत नाही.

माहिती पाठविण्यापूर्वीच कूटबद्ध करण्याची सोय अवश्य वापरावी. परंतु तिचा पासवर्ड हरवल्यास क्लाउड कंपनीही माहिती उलगडून देऊ शकत नाही. किल्लीची फाइल नॅसवरच ठेवणे म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीत ठेवण्यासारखे आहे. ती कागदावर छापून किंवा पेनड्राइव्हवर घेऊन अन्य ठिकाणी ठेवावी.

स्वस्त सेवा निवडताना माहिती परत मिळविण्याच्या अटी वाचाव्यात. ॲमेझॉनच्या 'ग्लेशियर डीप आर्काइव्ह' सेवेत साठवणुकीचा दर अल्प असला, तरी फाइल हाती येण्यास १२ ते ४८ तास लागू शकतात. किमान १८० दिवसांचे शुल्क भरावे लागते आणि माहिती उतरवून घेण्याचा आकार वेगळा पडतो.

दर तीन महिन्यांनी एखादी जुनी फाइल प्रत्यक्ष परत आणून उघडून पाहावी. शक्यतो हे काम नॅसविना, दुसऱ्या संगणकावरून करावे, कारण खऱ्या संकटात नॅस हाताशी नसेल. सिनॉलॉजीने त्यासाठी 'हायपर बॅकअप एक्सप्लोरर' उपलब्ध करून दिले आहे. पडद्यावर 'बॅकअप यशस्वी' अशी अक्षरे उमटणे म्हणजे प्रत पाठविली गेल्याची पोच होय. ती उपयोगी आहे की नाही, हे फाइल परत मिळाल्यावरच कळते.